अधांतरी पापुद्रा आणि उष्णतेचा माग

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले गावाच्या आसपासचा पट्टा बागायती आहे. ऊस, मका, भाजीपाला, मधूनमधून वस्त्या आणि दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या घरात माणसे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शेतांतून कॅमेरा ट्रॅप लावले, तेव्हा दर १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास ५ प्रौढ बिबटे असल्याचा हिशेब निघाला. तरसही निघाले. २०१३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि बिबट्या म्हणजे जंगलातून वाट चुकून गावात शिरलेला प्राणी, ही समजूत मोडीत निघाली. तो तिथलाच रहिवासी होता, फक्त माणसांच्या नजरेला पडत नव्हता.

कॅमेरा ट्रॅप बहुतांश वेळ जवळपास झोपलेलाच असतो, नाहीतर त्याची बॅटरी लगेच उतरेल. त्याला जागे करण्याचे काम एक छोटा संवेदक करतो. बहुतेक कॅमेरा ट्रॅपमध्ये तो पायरोइलेक्ट्रिक जातीचा असतो. त्याच्या आत लिथियम टॅन्टलेटच्या स्फटिकाच्या किंवा तशाच एखाद्या सिरॅमिकच्या दोन चिमुकल्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. पट्टीचे तापमान बदलले की तिच्या पृष्ठभागावर विद्युतभार तयार होतो. दोन्ही पट्ट्या उलटसुलट जोडलेल्या असल्यामुळे सगळा परिसर एकदम तापला किंवा निवला तर त्यांचे भार एकमेकांना खोडून काढतात. मात्र अंगात ऊब असलेला प्राणी समोरून आडवा गेला, तर ती ऊब आधी एका पट्टीवर पडते आणि मग दुसरीवर. तेवढ्या फरकावर कॅमेरा जागा होतो आणि फोटो निघतो.

हाच संवेदक सोसायटीच्या जिन्यात, ऑफिसच्या स्वच्छतागृहात, चोरघंटीच्या डबीत असतो. त्याच्यावरचा पांढरट प्लास्टिकचा घुमट ही नुसती झाकण म्हणून बसवलेली वस्तू नाही. पॉलिथिलीनचे ते भिंग आहे आणि त्यावरच्या बारीक कंगोऱ्यांमुळे समोरच्या जागेचे अनेक पट्टे पडतात. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की दिवा लागतो. तो निश्चल बसून राहिला तर संवेदकाच्या लेखी तिथे कोणीच नसते. म्हणूनच कागदपत्रांत डोके घालून बसलेल्या माणसाला मध्येच अंधारात हात हलवावा लागतो.

हा साधासुधा, स्वस्त तुकडा किती मोठे काम करून गेला याचा एक आकडा देण्यासारखा आहे. २०१८-१९ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले गेले. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे टिपली, त्यांतली ७६,६५१ वाघांची होती. जगातले सर्वांत मोठे कॅमेरा ट्रॅप सर्वेक्षण म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली.

कोणतीही वस्तू, मग ती बिबट्या असो, भिंत असो की बर्फाची लादी, आपल्या तापमानानुसार सतत किरण बाहेर टाकत असते. सूर्य फार तापलेला असल्यामुळे त्याच्या किरणांचा मोठा वाटा आपल्या डोळ्यांना दिसेल अशा ०.४ ते ०.७ मायक्रॉन तरंगलांबीत असतो. माणसाच्या किंवा बिबट्याच्या तापमानाला हेच किरण साधारण ९ ते १० मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जोरकस असतात. हे अवरक्त किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांचे प्रमाण मुळीच थोडे नसते. त्वचेचे तापमान ३३ अंश धरले, तर ढोबळ हिशेबाने तिच्या दर चौरस मीटरमधून ५०० वॅट एवढी ऊर्जा बाहेर पडते. अडचण अशी, की २७ अंशांची भिंतही सुमारे ४६० वॅट बाहेर टाकतच असते. संवेदकाला टिपायचा असतो तो या दोन मोठ्या आकड्यांमधला लहानसा फरक.

तो टिपण्याचे दोन मार्ग आहेत. एक मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्याचा. किरणांचा कण येतो, अर्धवाहकातल्या इलेक्ट्रॉनला धक्का देऊन मोकळा करतो आणि त्या इलेक्ट्रॉनांची मोजदाद होते. दुसरा मार्ग जुना आणि साधा: किरण अंगावर घ्यायचे, तापायचे आणि आपण किती तापलो ते सांगायचे. या लेखातले बहुतेक सगळे संवेदक या दुसऱ्या कुळातले आहेत.

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे काचेचा तापमापक. युरेनसचा शोध लावणारे विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात काळ्या केलेल्या फुग्याचा तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे पारा आणखी वर चढला. पुढे १८२१ मध्ये थॉमस झेबेक यांना आढळले, की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांना वेगवेगळे तापमान दिले तर विजेचा प्रवाह वाहतो. इटलीच्या मॅसेडोनिओ मेलोनी यांनी असे अनेक सांधे ओळीने जोडून थर्मोपाइल हे उपकरण कामाला लावले. जवळपास १० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाची ऊब त्याला कळत असे.

अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या ॲलेगेनी वेधशाळेत सॅम्युएल लँगली यांनी १८८० च्या सुमारास बोलोमीटर बनवला. प्लॅटिनमची अतिशय पातळ, काळी केलेली पट्टी. ती तापली की तिचा विद्युतरोध वाढतो आणि शेजारच्या झाकलेल्या पट्टीशी तुलना करून ती वाढ मोजता येते. अंशाच्या लाखाव्या भागाएवढा फरक हे उपकरण दाखवी. पाव मैलावरची गाय त्याला कळायची, असे त्याच्याविषयी आजही सांगितले जाते. लँगलींनी ते सूर्याकडे आणि चंद्राकडे वळवले. त्यांच्या चंद्राच्या नोंदी हाताशी धरूनच स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशेब मांडला. आजच्या हवामानबदलाच्या चर्चेचे एक मूळ अशा रीतीने एका काळ्या पट्टीपाशी पोहोचते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

विसाव्या शतकात मात्र हा जुना मार्ग मागे पडला. लष्कराला रात्रीच्या अंधारात चित्र हवे होते, तेही झटपट. १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या माल्व्हर्न येथील संशोधकांनी पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांचे एक मिश्रण तयार केले, ते अवरक्त किरणांचे कण थेट मोजू शके. त्यातून उत्तम कॅमेरे निघाले, पण ते थंड ठेवावे लागत, बहुधा उणे १९६ अंशांच्या आसपास, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानाला. नाहीतर संवेदकाच्या स्वतःच्याच उष्णतेने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन खऱ्या संकेताला बुडवून टाकतात. थंड करणारे यंत्र आले की वजन आले, वीज आली, देखभाल आली आणि किंमत तर आलीच. असा कॅमेरा रणगाड्यावर शोभतो. अग्निशमन दलाच्या जवानाच्या हातात तो देणे परवडत नाही.

कोंडी फुटली ती लँगलींच्या पट्टीकडे परत गेल्यामुळे. अमेरिकेत मिनेसोटामधल्या हनीवेल कंपनीच्या संशोधन केंद्रात अँड्र्यू वुड आणि त्यांच्या गटाने १९८० च्या दशकात, लष्कराच्या पैशावर आणि गुप्ततेच्या आवरणाखाली, एक प्रश्न हाती घेतला. लँगलींची पट्टी केसापेक्षा बारीक केली आणि अशा हजारो पट्ट्या एका सिलिकॉनच्या चकतीवर ओळीने मांडल्या तर? त्यांनी मायक्रोबोलोमीटर बनवून दाखवला. १९९२ मध्ये त्यावरचा गुप्ततेचा पडदा निघाला आणि तंत्र इतर कंपन्यांना मिळाले. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने त्याच काळात वेगळ्या सिरॅमिकचा मार्ग धरला होता. त्यातून निघालेला रात्रीचा कॅमेरा २००० सालच्या कॅडिलॅक डव्हिल मोटारीत बसला. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या लेटी प्रयोगशाळेने अमॉर्फस सिलिकॉन वापरून तिसरी वाट काढली. पुढच्या काळात बाजारात टिकल्या त्या हनीवेलच्या आणि ग्रेनोबलच्या पद्धती.

यातला एक पिक्सेल जवळून पाहण्यासारखा आहे. आजच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात त्याची बाजू १२ मायक्रॉन असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण सहावा हिस्सा. खाली सिलिकॉनची चकती, तिच्यावर प्रत्येक पिक्सेलचे मोजमाप करणारे सर्किट. त्यावर आधी एका प्लास्टिकचा थर देतात. हा थर पुढे नाहीसा करायचा, हे ठरवूनच दिलेला असतो. त्याच्यावर सिलिकॉन नायट्राइडचा पातळ पापुद्रा आणि त्या पापुद्र्यावर व्हॅनेडियम ऑक्साइडचे लेपन. मग ऑक्सिजनच्या प्लाझ्माने खालचा प्लास्टिकचा थर जाळून काढतात. उरतो तो अधांतरी तरंगणारा पापुद्रा, दोन बारीक, लांबट पायांवर उभा. त्याच्या आणि खालच्या धातूच्या आरशाच्या मध्ये सुमारे २.५ मायक्रॉनची पोकळी राहते.

हे अंतर सहज पडलेले नाही. १० मायक्रॉन तरंगलांबीचा तो नेमका चौथा हिस्सा आहे. पापुद्र्यातून निसटलेले किरण आरशावर आपटून परत येतात आणि या अंतरामुळे ते पापुद्र्यातच शोषले जातात.

पाय बारीक आणि लांबट ठेवण्याचे कारणही तेवढेच मोलाचे आहे. पापुद्र्याला मिळणारी उष्णता इतकी थोडी असते, की ती कुठेही वाहून जाऊ देणे परवडत नाही. आणि ती निसटायला वाट असते ती या दोन पायांची. हवा राहिली तर पोकळीतल्या हवेतूनच बरीचशी उष्णता खाली उतरेल, म्हणून संपूर्ण चकती निर्वात डबीत बंद करतात. समोरच्या वस्तूचे तापमान १ अंशाने वाढले तर पापुद्र्याचे तापमान काही हजारांश अंशांनीच वाढते. व्हॅनेडियम ऑक्साइडचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी बदलतो. म्हणजे सर्किटला जो बदल ओळखायचा तो दहा हजारांत एखादा भाग एवढाच असतो. तरीही चांगला मायक्रोबोलोमीटर अंशाच्या विसाव्या भागाएवढा फरक चित्रात दाखवतो, आणि तोही कसल्याही शीतकरणाविना.

इथे लहानपणा ही केवळ जागेची बचत नाही, तीच या संवेदकाची ताकद आहे. एकाच मंद आचेवर हंडाभर पाणी ठेवले आणि वाटीभर ठेवले, तर वाटीतले पाणी आधी तापते आणि आच काढल्यावर निवतेही आधी. पापुद्रा जितका पातळ, तितका तो चुटकीसरशी तापतो आणि पुढच्या चित्रासाठी निवून तयार होतो. या तापण्या-निवण्याला साधारण १० मिलिसेकंद लागतात. फार वेगाने धावणारी वस्तू त्यामुळे थोडी फराटल्यासारखी दिसते. जिथे ते चालत नाही, तिथे थंड केलेल्या जुन्या कॅमेऱ्यांना आजही पर्याय नाही.

हीच युक्ती सह्याद्रीत फार पूर्वीपासून वापरात आहे. आंबोलीच्या पावसाळी रात्री फांदीवर वेटोळे घालून बसलेला मलबारी चापडा हा साप पाहायला लांबून माणसे येतात. त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक खळगा असतो. त्या खळग्यात मागच्या भिंतीला न टेकता, मागे-पुढे हवा ठेवून, साधारण १५ मायक्रॉन जाडीचा पापुद्रा ताणलेला असतो. किरणांनी तो तापला की त्यातल्या मज्जातंतूंना कळते आणि रक्तवाहिन्यांचे दाट जाळे त्याला पुन्हा लगेच मूळ तापमानावर आणते. खळगा असलेल्या सापांमध्ये ऊब ओळखणारे प्रथिन कोणते, हे २०१० साली डेव्हिड ज्यूलियस यांच्या गटाने शोधले. माणसाला तापमान आणि स्पर्श कसे जाणवतात यावरच्या कामासाठी ज्यूलियस २०२१ च्या नोबेलचे मानकरी ठरले. अभियंत्यांनी सापाची नक्कल केली असे म्हणायला आधार नाही. पण उष्णता वाया जाऊ द्यायची नसेल तर पापुद्रा अधांतरीच ठेवावा लागतो, या एकाच उत्तराशी दोघे पोहोचले.

मायक्रोबोलोमीटर बसवलेल्या थर्मल कॅमेऱ्याला काच चालत नाही, कारण या तरंगलांबीचे किरण साध्या काचेतून जात नाहीत. त्याचे भिंग जर्मेनियमचे किंवा खास मिश्रणाचे असते आणि कॅमेऱ्याच्या किमतीत त्याचा वाटा मोठा असतो. कॅमेरा चालू असताना मधूनच ‘टक्’ असा आवाज येतो आणि चित्र क्षणभर गोठते. तो बिघाड नसतो. आतली एक पट्टी सगळ्या पिक्सेलांसमोर येऊन जाते आणि सगळ्यांना एकसारखे तापमान दाखवून त्यांचा हिशेब पुन्हा जुळवते. हजारो पापुद्र्यांतले कोणतेही दोन अगदी सारखे नसतात, त्यामुळे हे वारंवार करावे लागते.

किंमत उतरत गेली तसा हा कॅमेरा लष्कराबाहेर आला. २०१४ मध्ये फ्लिर कंपनीने मोबाइलला जोडायचा कॅमेरा आणला. त्यातल्या संवेदकात अवघे ८० गुणिले ६०, म्हणजे ४,८०० पिक्सेल होते. दोन वर्षांत थर्मल कॅमेरा आतच बसवलेला कॅट एस ६० हा मोबाइलही निघाला. आज ६४० गुणिले ४८० पिक्सेलचा संवेदक, म्हणजे तीन लाखांहून अधिक अधांतरी पापुद्रे, ८ मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदीत मावतात. अनेक स्वस्त कॅमेऱ्यांचे चित्र मात्र थोडे अडखळते, कारण ते सेकंदाला ९ चित्रांहून कमी दाखवतात. अमेरिकेच्या निर्यात नियमांत त्या मर्यादेखालच्या कॅमेऱ्यांना सवलत आहे. तंत्र बाजारात आले तरी त्याची लष्करी नाळ पुरती तुटलेली नाही.

महाराष्ट्रात या कॅमेऱ्याचे सर्वांत उपयोगी काम बहुधा विजेच्या उपकेंद्रांत चालते. तिथे त्याला सगळे थर्मोव्हिजन म्हणतात. जंपरचा क्लॅम्प सैल झाला किंवा आयसोलेटरचे टोक गंजले, की त्या जागी रोध वाढतो आणि सांधा तापू लागतो. वरून काही दिसत नाही. मग एखाद्या संध्याकाळी लोड वाढला की तोच सांधा वितळतो आणि अर्धे गाव अंधारात जाते. कॅमेरा असलेला कर्मचारी खालीच, सुरक्षित अंतरावर उभा राहून आर, वाय आणि बी या तिन्ही फेजचे तेच तेच सांधे एकामागून एक पाहतो. तिघांवर सारखाच लोड असताना एकटा वाय फेजचा क्लॅम्प वीस अंशांनी जास्त तापलेला दिसला, तर पुढच्या शटडाउनमध्ये तो आधी आवळायचा, हे ठरते. नेमके तापमान किती, यापेक्षा शेजाऱ्यांहून किती जास्त, हा प्रश्न इथे अधिक कामाचा असतो.

त्याला कारण आहे. हे संवेदक तापमान मोजत नाहीत. ते येणारे किरण मोजतात आणि त्यावरून तापमानाचा अंदाज बांधतात. चकचकीत स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळत असताना त्याच्या बाहेरच्या बाजूवर कॅमेरा रोखला तर आकडा फसवा, खूपच खाली येतो. त्याच पातेल्याच्या काजळी धरलेल्या बुडाशी मात्र आकडा बरोबर निघतो. चकचकीत धातू स्वतःचे किरण फार थोडे सोडतो आणि आजूबाजूचेच परावर्तित करतो. काजळी, माणसाची त्वचा, झाडाची पाने, माती हे सगळे आपले किरण मोकळेपणाने सोडतात. नव्या अॅल्युमिनियमच्या तारेवर थर्मोव्हिजन रोखून ती थंड आहे असे ठरवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

करोनाच्या काळात हे न समजल्यामुळे बराच घोळ झाला. दुकानाच्या, मंदिराच्या, कारखान्याच्या दारात कपाळाला जे पिस्तूल लावले जाई, त्यात मेलोनींच्या थर्मोपाइलचे धाकटे भावंड असते. एक-दोन मिलिमीटरच्या पापुद्र्यावर धातूंच्या किंवा सिलिकॉनच्या डझनावारी सांध्यांची ओळ. गरम टोके पापुद्र्याच्या मध्यावर, थंड टोके कडेच्या जाड चौकटीवर. तो फरक विजेत उमटतो आणि संवेदकाचे स्वतःचे तापमान सांगणारा आणखी एक तुकडा शेजारी असतो. उपकरण कपाळाच्या त्वचेवरून शरीराच्या आतल्या तापमानाचा अंदाज करते. भर उन्हात मोटारसायकलवरून आलेल्या माणसाचे कपाळ आणि वातानुकूलित बसमधून उतरलेल्याचे कपाळ यांत त्या अंदाजाची गल्लत होते. अनेक ठिकाणी तर कपाळाऐवजी मनगटावर पिस्तूल रोखले जाई. मनगट बहुधा कपाळाहून थंडच असते, त्यामुळे ताप असलेला माणूसही आरामात आत जाई. लक्षणे नसलेल्या बाधिताला तर हे उपकरण अडवूच शकत नव्हते.

त्याच काळात एक अफवा पसरली होती, की या पिस्तुलातून निघणाऱ्या किरणांनी मेंदूला इजा होते. तिने घाबरून लोक कपाळ पुढे करीत नसत. या उपकरणातून मोजण्यासाठी काहीच बाहेर पडत नाही. किरण निघतात ते माणसाच्या कपाळातून, उपकरण ते फक्त घेते. शाळेच्या पुस्तकात एवढी एक ओळ असती तरी पुष्कळ घबराट टळली असती.

उन्हाळा हा या सगळ्या संवेदकांचा शत्रू आहे. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी जमीन आणि खडक ४५ अंशांच्याही वर तापतात, तेव्हा त्यांच्यातून निघणारे किरण प्राण्याच्या अंगातून निघणाऱ्या किरणांपेक्षा जास्त असतात. मधल्या एखाद्या वेळी दोन्ही सारखे होतात आणि प्राणी पार्श्वभूमीत विरघळून जातो. कॅमेरा ट्रॅपमधला संवेदक अशा वेळी समोरून गेलेला वाघही हुकवू शकतो. थर्मल कॅमेरा घेऊन शोध घ्यायचा तर पहाटेची वेळ सर्वांत चांगली, कारण रात्रभरात जमीन निवलेली असते.

जुन्नर, शिरूरच्या ऊसपट्ट्यात वनविभाग बिबट्याच्या शोधासाठी थर्मल ड्रोन उडवू लागला आहे, तिथे आणखी एक मर्यादा आड येते. उसाच्या पाल्याआडची ऊब वर पोहोचत नाही. सरीच्या मोकळ्या जागेतून, बांधावरून किंवा तोडणी झालेल्या वावरातून बिबट्या जाईल तेव्हाच तो पडद्यावर उजळ ठिपका होऊन दिसतो. तेवढ्यानेही मोठा फरक पडतो. पिंजरा कुठे लावायचा आणि रात्री पाणी द्यायला कोणत्या शेतात जाऊ नये, हे सांगता येते. ज्यांची मुले सकाळी अंधारात शाळेची वाट धरतात, त्यांच्यासाठी ही माहिती लाखमोलाची आहे.

पृथ्वीबाहेरही या संवेदकांनी नाव काढले आहे, कारण ज्याला थंड करावे लागत नाही ते यानात हलके पडते. नासाच्या मार्स ओडिसी यानावर २००१ पासून मायक्रोबोलोमीटर आहे. इस्रोच्या मंगळयानावरचे, अहमदाबादला बनलेले औष्णिक उपकरणही याच जातीचे, आणि त्याचे वजन अवघे ३.२ किलो होते. जपानच्या हायाबुसा-२ ने अशाच कॅमेऱ्याने र्‍युगू या लघुग्रहाची दिवस-रात्रीची चित्रे घेतली. त्यावरचे मोठमोठे धोंडे उन्हात अपेक्षेपेक्षा लवकर तापत आणि निवत होते. आतून भरीव असलेला दगड असे वागत नाही. त्यावरून ते धोंडे कमालीचे सच्छिद्र असल्याचा निष्कर्ष २०२० मध्ये निघाला.

घरांवरून थर्मल कॅमेरा फिरू लागल्यावर खासगीपणाचा प्रश्न येतोच. भिंतीपलीकडचा माणूस त्याला दिसत नाही. चित्रपटांनी ती चुकीची समजूत रुजवली आहे. भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग किती तापला आहे, एवढेच कळते. पण तेवढ्यावरूनही बरेच ताडता येते. अमेरिकेत ऑरेगॉनमधल्या एका घराची भिंत आणि छप्पर जास्त तापलेले पोलिसांना अशा कॅमेऱ्यातून दिसले आणि त्यावरून आत दिव्यांखाली गांजा पिकवला जात असल्याचा संशय पक्का झाला. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निकालात सांगितले, की वॉरंटशिवाय घरावर असा कॅमेरा रोखणे म्हणजे बेकायदा झडती आहे. आपल्याकडे २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. ऊसपट्ट्यातल्या वस्त्या शेतातच असतात आणि उन्हाळ्यात माणसे अंगणात झोपतात. बिबट्यासाठी उडवलेल्या ड्रोनच्या पडद्यावर तीही दिसतात. ते चित्रण कोणाकडे राहते, किती दिवस राहते आणि कोणाला पाहता येते, याचे नियम ड्रोन घेतानाच लिहून ग्रामपंचायतीला सांगायला हवेत.

काही उपयोगांत मुद्दाम कमी दिसणेच सोयीचे ठरते. पॅनासॉनिकसारख्या कंपन्या आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ चौकोनांचे थर्मोपाइल एका छोट्या चिपवर बनवतात. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या खोलीत किंवा न्हाणीघरात ती छताला बसवता येते. त्या ६४ चौकोनांवरून माणूस उभा आहे, पलंगावर आहे की बराच वेळ जमिनीवर पडून आहे, हे ओळखून मुलाच्या फोनवर इशारा पाठवता येतो. त्याचा चेहरा, त्याचे कपडे, त्याच्या हातातली वस्तू यांतले काहीही त्या चौकोनांत उमटत नाही.